जीशिंगला आवतण

वडनेर भोलजीच्या तानुबाईला निवांत बसलेलं पाहिलं, असं कुणी सांगितलं तर तो थापा मारतोय असं खुशाल समजावं. बाई कशी, तर तवा तापायच्या आत भाकरी टाकणारी. कापूस वेचायला गेली तर अर्धवट उमललेलं बोंडही ओढून काढणारी. विहिरीत बादली पुरती बुडायच्या आत दोर ओढायची आणि अर्धीच बादली वर आली की विहिरीवरच डाफरायची. मनानं वाईट नव्हती हो. कुणाकडे बाळंतीण अडली की पहिली धावत जाणार ती, आणि तिथे पोचल्यावर सुइणीशी पहिलं भांडण काढणार तीही तीच.

अशा बाईला नवरा मिळाला निवृत्ती. भरल्या गाडीतून पोतं खाली पडलं तरी सावकाश उतरून, आधी बैलाला पाणी पाजून, मग पोतं उचलणारा. दिवसभर शेतात तोंड उघडायचा नाही, पण संध्याकाळी ताटावर बसला की सगळा दिवस बायकोपुढे मांडायचा. धुऱ्यावर कोण भेटलं, कुणाची गाय कुणाच्या ज्वारीत शिरली, मग काय झालं. तानुबाईला कुठला धीर! गाय ज्वारीत शिरली की ही विचारणार, 'मारामारी झाली का नाही ते सांगा पयले.' तो हसायचा, म्हणायचा, 'घायकुती कुठली,' आणि शेवट आधी सांगून मग मधलं सांगायचा. पोरबाळ झालं नव्हतं, जमीन बेताची होती, पण संध्याकाळच्या त्या बोलण्यावर आणि त्या हसण्यावर तिचा संसार मजेत चालला होता.

भिंतीला भिंत लागून बशीर नालबंदाचं घर. बैलांच्या पायाला पत्र्या मारणारा बशीर आणि निवृत्ती लहानपणापासूनचे जोडीदार. बशीर म्हणजे तानुबाईचाच भाऊ शोभेल असा उतावळा. बैल आडवा पाडून पाय बांधायच्या आतच हा तोंडात खिळे धरून हातोडी उगारायचा आणि लाथा खायचा. घरात त्याची म्हातारी आई शाहजादी आणि बायको गौसिया. पलटणीत खेचरं सांभाळायला माणसं भरती करताहेत, असं त्यानं एकदा नांदुऱ्याच्या बाजारात ऐकलं. घरी येऊन विचारायचं कुणाला? तिथल्या तिथे स्वतःचं नाव सांगितलं आणि वर निवृत्तीचंही सांगून आला. तानुबाईनं तेव्हा बशीरच्या दारात उभं राहून अर्धा गाव गोळा होईल एवढा तमाशा केला होता. पण निवृत्तीला खेचरांची आवड, आणि जोडीदाराला एकटं सोडणं त्याला जमेना. गेले दोघं.

पुढे चीनची लढाई झाली. दोघं बर्फात सापडले, कैद झाले, आणि पार दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत दोन घरांत दोन बाया एकमेकींच्या चुली सांभाळत बसल्या. त्या दिवसांत तानुबाई गौसियाच्या तव्यावर भाकरी भाजायची आणि गौसिया तानुबाईच्या गोठ्यातलं शेण काढायची. इतकं असताना पुढे तानुबाईच्या पोटात गौसियाविषयी आग कशी पेटली, तेच तर सांगायचं आहे.

कैदी सुटले, निवृत्ती अमक्या दिवशी नांदुऱ्याला उतरणार, असा निरोप आला. निरोपात नाव एकाचंच होतं, पण गाव म्हणालं, दोघं सोबत गेले ते सोबतच येतील. त्या दिवशी तानुबाई हातात पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन सकाळपासून उंबऱ्यात उभी. परमुलखातून आलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, पायावर पाणी घालायचं आणि मगच त्याला घरात घ्यायचं, ही रीत. शेजारच्या उंबऱ्यात गौसिया उभी. नांदुऱ्याहून बैलगाडी आली. गाडीतून एकच माणूस उतरला. हडकला होता, चालताना एक पाय ओढत होता, पण तिचा निवृत्तीच होता. तानुबाईनं तांब्या उचलला. आणि निवृत्ती तिच्याकडे नजरही न टाकता, तिच्या समोरून, गौसियाच्या दारात गेला.

तिकडे रडणं उठलं. बशीर कैदेतच तापानं गेला होता. सगळं गाव तिकडे धावलं, सगळ्या गावाला कळलं की निवृत्ती आधी तिकडे का गेला. तानुबाईलाही कळलं, ती काही बिनडोक नव्हती. गौसियाच्या गळ्यात पडून तीही रडली, आणि खरं रडली. पण कळणं वेगळं आणि मनाला लागणं वेगळं. हातातला भाकरीचा तुकडा तिनं केव्हा कुत्र्यापुढे टाकला, तिचं तिलाच आठवेना. निवृत्ती दिवेलागणीला घरात आला तो तसाच, न ओवाळलेला. तुकड्याचं त्यानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

गौसिया इद्दतला बसली. नवरा गेलेल्या बाईनं ठरलेले महिने घराबाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. दाराला तरटाचा पडदा लागला, बाहेर ओट्यावर शाहजादी पानाचा बटवा घेऊन बसू लागली. आणि निवृत्ती काय करायचा, तर शेतातून येऊन पाय धुवायचा, चहा प्यायचा आणि त्या ओट्यावर जाऊन बसायचा. तोंड पडद्याकडे. आणि बोलायचा! तासन् तास त्या तरटाशी बोलायचा. आतून गौसिया काहीतरी विचारायची, तो सांगायचा. कधी पडद्याआडून रडणं यायचं, कधी चक्क हसणं. हसण्यात निवृत्तीचाही आवाज असायचा.

घरी आला की मात्र तोंडाला कुलूप. तानुबाई विचारायची, तिकडं काय खात होते? भात. थंडी? होती. मारत होते का? नाही. संपलं. ज्या बाईला कुठल्याही गोष्टीचा शेवट आधी लागायचा, तिला आता सुरुवातसुद्धा मिळेना.

गावानं कधी वावगं काढलं नाही. सासू ओट्यावर, सून पडद्यात, मध्ये तरट. कोण काय काढणार? आणि तसला संशय तानुबाईलाही नव्हता. असता तर बरं झालं असतं. तसल्या संशयाला एकमेकींच्या झिंज्या उपटून मोकळं होता येतं. हिचं जळणं वेगळं होतं. आपल्या ताटातलं उचलून कुणी शेजारणीच्या ताटात वाढावं, तसं तिचं संध्याकाळचं बोलणं तिकडे वाढलं जात होतं. नवरा तिचा वाचला होता, आणि बोलत होता नवरा गेलेलीशी. असं मनात आलं की तिला स्वतःची लाज वाटायची, आणि लाज वाटली की आणखीच राग यायचा. विधवेचा हेवा करणारी बाई जगात आपण एकटीच, असं म्हणून ती कपाळाला हात लावायची आणि दुसऱ्या क्षणी पुन्हा भिंतीला कान लावायची.

हो, कान लावायची. दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीत एक कोनाडा होता, तिथे भिंत पातळ होती. कोनाड्यातले डबे काढून तिनं एका संध्याकाळी तिथे डोकं घातलं. पलीकडे ओट्यावर शिकवणी चालली होती.

"जी म्हनताना आवाज वर न्यायचा," निवृत्ती सांगत होता, "काही इचारून राह्यलो असं. शिंग म्हनताना वझं खाली टाकल्यावानी खाली आनायचा. अन् मांगचा झ नुसता सोडून द्यायचा. जी-शिंग-झ."

पडद्याआडून गौसियानं म्हणून पाहिलं. चुकलं. पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकलं. निवृत्ती न कंटाळता तोच शब्द परत परत सांगत होता. इकडे कोनाड्यात डोकं घालून तानुबाईनं पुटपुटून पाहिलं आणि तिला तो शब्द पहिल्या झटक्यात आला. मनातल्या मनात ती म्हणाली, बघा, येतंय का त्या ठोंबीला! तेवढ्यात शाहजादीनं विचारलं, पण या चिनी बोलाचा मतलब काय? निवृत्ती म्हणाला, "मतलब म्हंजे बी, ज्याले दम निघत नाही असा मानूस. घायकुत्या सोभावाचा." मग तो हलक्या आवाजात आणखी काहीतरी बोलला. ते भिंतीतून आलं नाही. पण त्यावर गौसिया खुदकन हसली, म्हातारीही हसली.

तानुबाईनं डोकं बाहेर काढलं. तिच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. घायकुत्या माणूस वडनेरात दुसरा कोण होता? लग्न झाल्यापासून नवरा तिलाच तर घायकुती म्हणत होता. म्हणजे हा परमुलखातून जो शब्द घेऊन आला, तो आपल्याला नावं ठेवायला. आणि तोही आपल्यापुढे नाही, शेजारणीच्या पडद्यापुढे. आणि ती सटवी तो घोकून घोकून शिकतेय, उद्या विहिरीवर आपल्या तोंडावर म्हणायला.

धीर धरणं तिच्या कुंडलीत नव्हतंच. त्याच संध्याकाळी निवृत्ती जेवायला बसला, तिनं ताटात भाकरी टाकली आणि त्यानं शिकवलं होतं तस्संच, वर नेऊन खाली आणून, ठणकावून म्हटलं, "जी-शिंग-झ."

निवृत्तीचा घास हातातच राहिला. तिला वाटलं, चोरी पकडली.

"तो शब्द तू तोंडात घेऊ नोको," तो म्हणाला.

"काऊन? तिनं घेतला तं चालते?"

तो ताट सरकवून उठला, हात धुतला आणि गोठ्यात जाऊन बैलांजवळ बसला. शिव्या दिल्या असत्या तर तानुबाईनं दोन परत दिल्या असत्या आणि प्रकरण मिटलं असतं. पण तिनं म्हटलं ते चालत नाही आणि तिनं म्हटलं ते चालतं, यातल्या दोन 'तिनं'मधली भिंत आता तिच्या छातीवरच येऊन बसली. आपल्या नवऱ्याचा शब्द, आणि आपल्यालाच बंदी!

मग आखाडात बैल आला. जुन्या जोडीतला एक थकला होता. निवृत्ती आणि त्याचा चुलतभाऊ इंद्रभान मोताळ्याच्या बाजाराला जाऊन एक तांबडा खोंड घेऊन आले. खोंड कसला, वादळ. जुवाखाली मान घातली न घातली तोच चालायला लागायचा, जुवाची शिवळ, म्हणजे मानेलगतची खुंटी, अडकवायला उसंत द्यायचा नाही. पाणी दाखवलं की बादलीसकट माणसाला ओढायचा. इंद्रभान येताना वाटभर त्याच्या मागे पळत आला होता आणि त्याची धाप अजून गेली नव्हती.

नवा बैल दारात आला की घरच्या बाईनं त्याचे पाय धुवायचे, कुंकू लावायचं, भाकरी चारायची आणि नाव ठेवायचं. बघायला गल्ली जमली. तानुबाईनं पाय धुतले, कुंकू लावलं. बैलानं भाकरी तिच्या हातातून हिसकून घेतली. तिनं शेजारच्या तरटाच्या पडद्याकडे एकदा पाहिलं, आणि आवाज चढवून म्हणाली, "याचं नाव जीशिंग. चिनी नाव हाये. ज्याले दम निघत नाही त्याले म्हंतात."

मला नाव ठेवता काय, घ्या, ते बैलाला देते, असा तिचा हिशोब. आता तो शब्द पडद्याआड राहणार नव्हता, गावात फिरणार होता. आणि फिरला की! इंद्रभान तर खूश झाला. तानुबाईनं चीनले डवऱ्याले जुंपलं, असं तो गावभर सांगत सुटला. नावात शिंग होतं म्हणून बैलाला शोभलंही. आठ दिवसांत पोरंसोरं, गडीमाणसं, सगळी ओरडायला लागली. जीशिंग हट! जीशिंग मर! जीशिंग, तुझ्या मायला! बैल कुणाच्या तुरीत शिरला की काठी घेऊन लोक त्याच नावानं मागे धावायचे. काठी बसली की नावही बसायचं.

निवृत्तीनं नाव ठेवताना हूं की चूं केलं नव्हतं. पण बैलाला त्या नावानं त्यानं कधी हाक मारली नाही. डवरताना, म्हणजे उभ्या पिकात कोळपणी करताना, नुसता जिभेनं टक् टक् करायचा. आणि हळूहळू त्याचं त्या ओट्यावर बसणंही बंद झालं. तानुबाईला वाटलं, आपण जिंकलो. पडदा आता मुका झाला होता. तिकडून ना रडणं यायचं ना हसणं. पण नवरा घरी परत यावा म्हणून तिनं हे केलं, तो काही परत आला नाही. आता तो दोन्हीकडे बोलेनासा झाला होता. संध्याकाळी जेवायचा, गोठ्यात जायचा, जुन्या बैलाच्या पाठीवर हात ठेवून बसून राहायचा. तानुबाई मनाशी म्हणायची, बसा तिकडेच. पण ताटावर माशा बसेपर्यंत ती त्याची वाट पाहायची. आणि वाट पाहणं तर तिला जन्मात कधी जमलं नव्हतं.

पोळा आला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी. वर्षभर जुवानं घासलेले बैलांचे खांदे लोणी-हळद लावून पळसाच्या पानानं मळायचे, आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. या कामाला एरवी बशीर हजर असायचा. पोळ्याआधी सगळ्या गावाच्या बैलांच्या पत्र्या त्यानंच ठोकलेल्या असायच्या, आणि सणाला पहिलं ताट तानुबाईकडून त्याच्याच घरी जायचं. यंदा ते ताट पाठवायचं नाही, असं तानुबाईनं मनात पक्कं केलं होतं.

निवृत्तीनं पळसाची पानं आणली, वाटीत लोणी-हळद कालवली. जुन्या बैलाचे खांदे मळले, हात जोडून त्याला आवतण दिलं. तांबड्या बैलापाशी आला आणि थांबला. वाटी तिच्यापुढे धरून म्हणाला, "याचं तू कर."

म्हणजे अजून एवढं! अजून याच्या जिभेवर ते नाव फक्त शेजारणीसाठी राखून ठेवलंय! तानुबाईनं वाटी हिसकून घेतली. बैल नेहमीप्रमाणे खुंट्याभोवती नाचत होता. एका हातानं त्याची वेसण धरून दुसऱ्या हातानं तिनं खांदे मळले. मग पडद्याकडे तोंड करून, मुद्दाम, गावानं करून टाकलेलं अर्धं नाव नाही, तर कोनाड्यात शिकलेलं अख्खं नाव तिनं घेतलं. जी वर, शिंग खाली, झ नुसता सोडून.

"जी-शिंग-झ, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

पडदा हलला. तरट बाजूला झालं आणि डोक्यावरून ओढणी घेतलेली गौसिया बाहेर आली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. निवृत्तीनं चटकन तोंड फिरवलं आणि भिंतीकडे पाहत उभा राहिला. मागून शाहजादी, 'अगं इद्दत, इद्दत' करत उठली, पण तिला थोपवता आलं नाही. तानुबाईनं पदर खोचला. तिला वाटलं, आली भांडायला. बरं झालं, मीही वाटच पाहत होते.

"भाबी," गौसिया म्हणाली, "अजून एक बार म्हन."

"काऊन?"

"तिकडं त्याह्यले हेच नाव होतं. बशीर कोनी म्हनतच नव्हतं."

तानुबाईच्या हातातली वाटी तशीच राहिली. गौसिया ओरडली नाही, रडलीही नाही. सांगायचं म्हणून सांगावं तशी म्हणाली, "आखाडापासून तुमी समदे त्याह्यच्या नावानं काठ्या मारून राह्यले. जीशिंग हट, जीशिंग मर. मी कानात बोळे घालून बसत होती. आज पयल्यांदा कोनी त्याह्यले जेवाले बलावलं."

बैल वेसण ओढत होता. तानुबाईनं ती घट्ट धरली आणि सांगितलं तसं पुन्हा म्हटलं. आवतन घ्या, जेवाले या. गौसियानं डोळे मिटून ऐकलं. मग तिसऱ्यांदा तानुबाईनं न सांगताच म्हटलं. गौसिया वळली आणि पडद्याआड गेली.

त्या संध्याकाळी तानुबाई गोठ्यात नवऱ्यासमोर येऊन बसली. मला वाटलं तुम्ही मलाच नाव ठेवलं, एवढं ती कसंबसं म्हणाली. मग म्हणाली, मले काऊन नाही सांगतलं?

निवृत्तीनं बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. "तू पयले शेवट इचारतं," तो म्हणाला. "याचा शेवट मले घरात सांगता येत नव्हता."

आणि मग तो सुरुवातीपासून बोलला. कैदेत एक चिनी म्हातारा स्वयंपाकी होता. तो भाताच्या भांड्याचं झाकण काढायच्या आत बशीर वाटी पुढे करायचा, आणि रोज पळ्याचा फटका खायचा. म्हातारा हसून म्हणायचा, जी-शिंग-झ. सगळे पहारेकरीही तेच म्हणायला लागले. हिंदी जाणणारा एक चिनी होता, त्यानं अर्थ सांगितला तेव्हा बशीरच सगळ्यांत जास्त हसला. म्हणाला, माझ्या सासऱ्यानंच यांना कळवलेलं दिसतंय. रोज उठून विचारायचा, कधी सोडणार? आज? उद्या? मग ताप आला. म्हातारा स्वतः पहिली वाटी घेऊन त्याच्यापाशी गेला. इथवर सांगून निवृत्ती थांबला. तानुबाईच्या जिभेवर शेवट आला होता. तिनं पदर तोंडात कोंबला आणि गप्प राहिली.

"बशीरनं वाटी हातात धरली," निवृत्ती म्हणाला, "अन् म्हने, भात थंडा होऊ दे बे, घाई नाही. तवाच मले समजलं."

तो रडला. तीही रडली. पण खोटं कशाला सांगायचं, रडता रडता तिच्या मनात हेही येऊन गेलं, की हे सगळं त्या तरटाला आपल्या आधी माहीत होतं. आणि दुसरंही आलं, ते तर तिनं कुणाला कधीच सांगितलं नाही: इतके दिवस ती जी शिवी स्वतःची म्हणून अंगाला लावून घेत होती, ती शिवीसुद्धा तिची नव्हती.

पोळ्याच्या दिवशी तोरणाखालून बैल घरी आले. पुरणाचं पहिलं ताट तानुबाईनं शेजारी दिलं. बैलाचं नाव बदलते, म्हणाली. आतून गौसिया म्हणाली, नोको बदलू, फक्त त्या नावानं काठी नोको मारू. मग निवृत्तीनं तांबड्या बैलाला तिच्या दारात नेलं आणि स्वतः तोंड फिरवून उभा राहिला. पडद्याआडून पुरणपोळी धरलेला एक हात बाहेर आला. आवतण दिलेल्या बैलाला तेवढाही दम निघेना. त्यानं पोळी तर हिसकलीच, वर तरटाचा काठही तोंडात धरून अर्धा पडदा खाली ओढला.

"हुबेहूब तस्साच हाये मेला," शाहजादी म्हणाली, आणि आत गौसिया हसायला लागली. इकडे निवृत्तीही हसला, पाठ फिरवूनच, पण मनापासून. ते जुनं, ताटावरचं हसणं.

तानुबाईच्या मनाला पुन्हा एकदा लागलं. हसला तो तिकडेच! एवढं सगळं कळूनही लागलंच; त्याला ती तरी काय करणार. बैल खुंट्याला बांधून तो ओट्यावर टेकला, तेव्हा तिनं इतक्या दिवसांचं गिळलेलं बाहेर काढलं. गाडीतून उतरलात त्या दिवशी मी उंबऱ्यात तुकडा घेऊन उभी होते. माझ्याकडे एकदा पाहिलंही नाही.

"पाह्यलं होतं," निवृत्ती म्हणाला. "तांब्या तुह्या डाव्या हातात होता. तुह्या हातचा तुकडा ओवाळून घेतला असता, तं मंग तिच्या दारात जायाची हिंमत झाली नसती."

ती तडक आत गेली. सणाच्या दिवशी घरात पुरणपोळ्यांची चळत असताना तिनं ज्वारीचं पीठ काढलं, चूल पेटवली आणि भाकरी थापली. पोळीचा तुकडा ओवाळत नाहीत, भाकरीचाच लागतो. तवा तापायची वाट कोण बघतो! भाकरी एका बाजूनं जेमतेम शेकली तोच तिनं तुकडा मोडला, तांब्या भरला, आणि बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाली, उठा, रस्त्यावर जाऊन उभे राहा. शेजारीपाजारी बघत होते. निवृत्ती उठला, खाली उतरून पाय ओढत रस्त्यावर गेला आणि गाडीतून आत्ता उतरल्यासारखा उंबऱ्याकडे चालत आला.

तिनं त्याच्यावरून तुकडा ओवाळला. त्यानं तिच्या हातातल्या तुकड्याकडे पाहिलं.

"कच्ची हाये," तो म्हणाला.

त्याच्या ओठांवर तो चिनी शब्द आला होता, तिला दिसला. तो तिला हवा होता, किती दिवस हवा होता. पण निवृत्तीनं तो आतच ठेवला. तिच्याकडे पाहिलं, हसला, आणि लग्न झाल्यापासून म्हणायचा तेच म्हणाला, "घायकुती कुठली."

"हाव," तानुबाई म्हणाली. तिनं तुकडा लांब फेकला आणि त्याच्या पायावर पाणी घातलं.